खंडेनवमीला पुसलेली गिटार

माझा धंदा लेथचा. उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर एवढा माझा पसारा, आणि तीस वर्षं झाली तो बरा चालला आहे. पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाच्या पिना, ट्रॉलीचे बुश, असली कामं. कुणी काम नीट न सांगता नुसता हातवारे करायला लागला की माझं डोकं फिरतं. माप सांगा, नाहीतर जुना जॉब, म्हणजे झिजलेला नग, दाखवा. या स्वभावापायी मी काही गिऱ्हाइकं घालवली आहेत आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. एकाच माणसाच्या बाबतीत वाईट वाटलं, आणि तोही पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणूनच माझ्या दारात आला होता.

पंच्याहत्तरी उलटलेले, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. जयसिंगपूरच्या जैन व्यापाऱ्यांच्या घरातले, हे बोलण्यावरून लगेच कळलं. खिशातून रुमाल काढला, रुमालातून बोटाएवढी लोखंडी कांडी काढली. गोल, जड, एका टोकाला निमुळती, आणि गंजाने खड्डे पडलेली.

"पावणं, ह्येच्यासारखी दुसरी करून पायजे."

"कशाची हाय ही?"

"गिटारची."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. गिटार म्हणजे रंकाळ्यावर कॉलेजची पोरं गळ्यात अडकवून बसतात ती, तिच्यात लोखंडाचं काय काम? मग त्यांनी माझ्याच टेबलावर, कॅलिपर आणि चहाचे ग्लास बाजूला सारून दाखवलं. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली ही कांडी तारांवरून सरकवायची. हवाईन गिटार. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी लग्नाच्या मांडवात पंगती बसल्या की शब्दांशिवायची सिनेमाची गाणी लागायची. जिलेबी वाढणारा वाकला की मागून तो आवाज, कुणीतरी तोंड मिटून गातंय असा. तीच ही.

"तीच, पण ती न्हवं," ते म्हणाले. "ते आपल्याकडचं. मी म्हंतोय ते हवाई बेटावरचं. ऐकाल तवा कळंल."

कांडी करायला मला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. तीन वेळा करावी लागली. पहिली मापाला तंतोतंत होती, पण दुसऱ्या दिवशी ते परत घेऊन आले. तारेवरून ओढली की खरखरते म्हणाले. हत्याराच्या रेघा डोळ्याला दिसत नव्हत्या, तारेला कळत होत्या. दुसरी ग्राइंड केली, तीही परत. तिसरी मी बफवर धरून आरशासारखी केली, तेव्हा त्यांनी ती तळहातावर घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "आता रविवारी ऐकायला या. चारला या म्हंजे जेवायच्या आधी हुतंय."

दिवे लागणीच्या आधी जेवण, हा त्यांच्या घरचा नियम. धाकटा मुलगा जयसिंगपूरची पेढी बघतो, थोरल्याकडे हे शाहूपुरीत राहतात. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणायला लागलो. पावणं म्हणणारे अण्णा दुसऱ्या रविवारी मला मिस्त्री म्हणायला लागले आणि तिसऱ्या रविवारी सरळ अरे-तुरे. मला ते बरं वाटलं.

त्यांची खोली लहान. खाट, रेकॉर्ड प्लेअर, लाकडी पेटीतला एक जुना स्पीकर, आणि कपाटात उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. मुंबईला शिकायला होते तेव्हा जुन्या बाजारात जाऊन एकेक जमवलेल्या. बहुतेक माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच्या, काळ्या, जड, पडली तर बशीसारखी फुटणारी जात. पहिल्याच रविवारी त्यांनी मला एक गोष्ट सांगून टाकली. कानाचं मशीन टेबलावर डबीत पडलेलं होतं, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते घातलं की रेकॉर्डीत नुसतं पत्र्यावर खडं वाजतंय. म्हणून घालत न्हाय. खालचं मला येतंय अजून. वरचं गेलं. वरचं तुमी सांगायचं."

आणि मग ते स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवून बसले.

आधी नुसती खरखर. मग एक सूर खालून निघाला आणि वर जायला लागला. मी गाण्यातला माणूस नाही. भजनाला टाळ धरण्यापलीकडे माझी मजल नाही. पण तो सूर ज्या सावकाशीने जात होता ते पाहून मी खुर्चीत पुढे सरकलो. पोचायची घाईच नव्हती त्याला. मी म्हणालो, "अण्णा, सूर घसरत घसरत चाललाय."

"घसरत न्हवं, जातोय. घसरल्याला ठिकाण नसतंय. ह्येला कुठं जायचं ते ठावं हाय."

मग एकदम वर, फार वर, टिंग टिंग टिंग असं वाजलं, देवळातली बारकी घंटा कुणी नखाने हलवावी तसं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आली का घंटी?"

"आली."

"किती?"

"तीन."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला कळेना, हा माणूस ऐकतोय की बघतोय. नंतर त्यांनी समजावलं. तारेवर कांडी न दाबता तळहाताची कड नुसती टेकवायची, छेडायचं आणि लगेच हात उचलायचा. मग तारेतून तारेचा मूळ सूर येत नाही, तिच्या पोटातला दुसराच बारीक सूर येतो. वाजवणाऱ्याने तो तीन वेळा काढला होता. तो वाजवणारा कधीच गेला असणार, ज्या समुद्रकाठी तो राहत होता तो मी नकाशातही नीट दाखवू शकणार नाही. आणि शाहूपुरीत एक म्हातारा त्याच्या घंट्या माझ्याकडून मोजून घेत होता.

मला या सगळ्याची गोडी लागली ती मात्र घंट्यांमुळे नाही, तारा लावण्यामुळे. आपली साधी समजूत अशी की वाद्य एकदा लावलं की लावलं. या लोकांचं तसं नव्हतं. गाणं बदललं की तारांची मांडणी बदलायची. प्रत्येकाची आपापली मांडणी, आणि कुणी ती दुसऱ्याला सांगायचा नाही. रेकॉर्ड ऐकून ती ओळखायची, हाच अण्णांचा आयुष्यभराचा नाद. पेढीवर बसून पोती मोजता मोजता हेच डोक्यात.

सगळ्यांत साधी मांडणी सा ग प सा ग प. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी सूर एकमेकांत बसलेले. कांडी आडवी सरळ ठेवून कुठेही सरकवा, सगळ्या तारा एकाच मापाने चढतात नि उतरतात, बसलेलं बसलेलंच राहतं. पण त्यात एक अडचण आहे. ती मांडणी फक्त हसते. उदास सूर हवा असेल तर कांडी सरळ ठेवून मिळतच नाही. आणि अण्णांच्या एका रेकॉर्डीत तर वाजवणारा हसण्यातून उदासीत आणि उदासीतून परत हसण्यात सहज जात होता, कांडी वाकडी न करता. ते कसं, याच्या मागे अण्णा दोन वर्षं होते. आणि उत्तर सापडलं ते एका धैवतात. बारीक तारेकडून जाडीकडे मोजत गेलं तर ग, सा, ध, प, ग. वरच्या तीन तारांत ग सा ध, तिथे उदासी. खालच्या प आणि ग यांच्याकडे वळलं की हसू. कांडी जागची हलवायचीसुद्धा गरज नाही.

"तारा लावल्या की निम्मं गाणं झाल्यालं असतंय," अण्णा म्हणायचे.

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. जॉब सुरू करायच्या आधी तो मशीनवर नीट बसवण्यातच आमचं निम्मं काम असतं. बसवण्यात चुकलात तर पुढे हत्यार कितीही धारदार असो, काही उपयोग नाही. गाण्याच्या बाबतीत आपण अगदीच अडाणी नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. अण्णा आपली गिटार, त्या एकाच मांडणीत लावून ठेवलेली, मांडीवर घेऊन रेकॉर्डीबरोबर वाजवायचे, आणि मी त्यांना सांगायचो, वर काय चाललंय. असं वर्षभर चाललं. तारांची नावं त्यांनी मला पाचच सांगितली होती. सहावी, सगळ्यांत जाड तार, तिचं विचारायचं मला सुचलं नाही. खर्जातला सा असणार, दुसरं काय, असं मी धरून चाललो.

नवरात्राच्या सुरुवातीला तिसऱ्या तारेच्या खुंटीची मूठ फुटली. प्लास्टिकच ते, किती दिवस टिकणार. मी म्हणालो, पितळेची करून देतो. अण्णांनी गिटार खोळीत घातली, माझ्या हातात दिली आणि खोळ सोडेनात.

"नुसती मूठ बशीव. खुंट्या फिरवू नगंस. तू यायच्या आधीच्या दिवाळीत लावल्याल्या हायत, तवा वरचं येत हुतं मला. आता उतरल्या तर मला परत लावता यायच्या न्हाईत."

"व्हय अण्णा," मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसांच्या सूचना आपण ज्या कानाने ऐकतो त्याच कानाने ऐकलं.

मूठ तासाभरात झाली. पण खंडेनवमी तोंडावर आलेली. बाहेरच्यांना कल्पना नसते, आमच्या उद्यमनगरात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. आदल्या दिवशी शेड धुवायची, लेथ रॉकेलने पुसून तेल द्यायचं, पाने, कॅलिपर, मायक्रोमीटर सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि त्या दिवशी यंत्राला काम लावायचं नाही. गंजलेलं हत्यार पाटावर ठेवायचं नाही, हा माझ्या शेडचा नियम. कितीही घाई असो, मी तो मोडलेला नाही.

सगळं मांडून झालं आणि कोपऱ्यातली गिटार दिसली. तीही एका माणसाचं हत्यारच. शेडमध्ये असलेलं हत्यार पूजेला नाही, हे मला बरं वाटेना. खोळीतून काढली. तारांवर गंजाची तांबूस पूड, तारांखाली धुळीचा थर. ही अशी पाटावर ठेवायची? मी मनाशी म्हटलं, अण्णांनी खुंट्या फिरवू नको म्हटलंय, पण फिरवून परत तिथंच आणल्या तर फिरवल्यासारखं होतंय कुठे?

आणि अगदीच बावळट नव्हतो मी. आधी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं. तार छेडली की काटा हलतो, सूर बरोबर मधोमध असला की हिरवा दिवा लागतो. एकेक तार छेडली आणि खडूने फरशीवर लिहून ठेवलं. दोन्ही गंधारांचे काटे मधापासून डावीकडे, म्हणजे उतरलेले. धैवतही थोडा डावीकडे. आणि सहावी तर गंमतच. सा असायला हवा तिथे कोमल रे, अख्ख्या एका घराने चढलेली. मला हसू आलं. अण्णांचे कान गेले ते त्या दिवाळीच्या आधीच गेले म्हणायचे. त्यात पावसाळा होऊन गेला, लाकूड फुगलं असणार, तारा हलल्या असणार.

मग एकेक तार सैल केली, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पुसली, तेलाचा हात दिला, खालचं लाकूड स्वच्छ केलं. आणि परत लावताना खडूने लिहिलेलं बघितलंच नाही. कशाला बघू? चुकीचं माप लिहिलेलं आहे म्हणून जॉब परत चुकीचाच करायचा का? सहाच्या सहा तारा मी हिरव्या दिव्यावर आणल्या. सहावी सा वर. एकदम बिनचूक. लेथच्या शेजारी पाटावर ठेवली, मुठीवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोवलं. दुसऱ्या दिवशी पूजा केली आणि फरशी पुसून घेतली, खडूसकट. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी गेलो. सोनं दिलं, पाया पडलो. अण्णांनी गिटार मांडीवर घेतली, पितळेच्या मुठीवरून बोट फिरवलं, "झ्याक झालीया," म्हणाले. मग उजव्या हाताच्या अंगठ्याने सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश ओढली. एक झाली की थोडं थांबून दुसरी.

"खुंट्या फिरवल्यास व्हय रं?"

"न्हाय अण्णा. नुसत्या तारा पुसल्या."

इतक्या सहज तोंडातून गेलं की मलाच ऐकू आलं तेव्हा कळलं. खोटं का बोललो, हे मी नंतर स्वतःला बऱ्याच वेळा विचारलं. त्यांनी बजावून सांगितलेलं मोडलं होतं, त्याची भीती होती हे खरं. पण भीती कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. त्यांना कुठे कळणार आहे, असं मनात येऊन गेलं होतं. ते खोट्याच्या आधी आलं की नंतर, मला सांगता येणार नाही. आलं होतं एवढं नक्की.

"बरं," अण्णा म्हणाले. गिटार खाटेवर ठेवली. "आज हात दुखतोय. रेकॉर्डी ऐकू."

त्याच्या पुढच्या रविवारीही हात दुखत होता. मी मनातून सुटल्यासारखा झालो. रेकॉर्डी लावल्या, घंट्या मोजल्या, वहिनींनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या सुनेने, चहा दिला, साडेपाचला मी निघालो. मात्र अण्णा पूर्वीसारखे प्रश्न विचारत नव्हते. वर काय चाललंय ते मी सांगायचो, ते मान हलवायचे, आणि चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. वय झालं, मी म्हटलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी ती दोन वर्षं पिच्छा पुरवलेली रेकॉर्ड लावली. तिच्यात मध्यावर एक जागा आहे. तिथे सूर हसतही नाहीत आणि उदासही होत नाहीत. दारात येऊन थांबलेल्या माणसासारखे उभे राहतात, आता पुढे काय ते ऐकणाऱ्याने सांगावं असे. अण्णा वाजवायचे तेव्हा ती जागा त्यांच्या गिटारवर हुबेहूब यायची, मी किती वेळा ऐकली होती. रेकॉर्ड संपली. वहिनींनी आतून गोळी घ्यायला हाक मारली, अण्णा उठून गेले. मी ती गिटार मांडीवर घेतली आणि तीच जागा लावून पाहायला गेलो. अण्णा कांडी कुठे ठेवतात ते मला पाठ होतं.

ती जागा आली नाही. खालच्या चार तारा एकदम छेडल्या, तर गोड वाजलं, नुसतं गोड. काही थांबलं नाही, काही विचारलं नाही. परत केलं. परत तेच.

आणि मग माझ्या लक्षात आलं. तीस वर्षं मी नटबोल्टांत काढली. मशीन हादरून नट आपोआप ढिला झालेला मी हजार वेळा पाहिलाय. आपोआप आवळलेला नट मी आजवर पाहिलेला नाही. तार उतरते. पावसाने लाकूड फुगलं तर फार तर केसभर चढेल, तीही सगळ्यांबरोबर. एकटीच तार अख्खं एक घर आपण होऊन चढत नाही. सहावी चढलेली नव्हती. अण्णांनी तिला तिथेच लावली होती. तो कोमल रे हेच त्या रेकॉर्डीचं मर्म होतं, आणि मी तो चूक समजून दुरुस्त केला होता.

सहावीचं ठीक, ती मला आठवत होती. पण बाकीच्या? ते डावीकडचे काटे? दोन तारा एकत्र वाजल्या की त्या एकमेकींत बसाव्यात म्हणून अण्णांनी गंधार जाणून उतरवून ठेवला असणार. किती, ते फरशीवर होतं आणि फरशी मी पुसली होती. त्यातला कुठला फरक पावसाचा आणि कुठला अण्णांच्या कानाचा, हे आता मीही सांगू शकणार नव्हतो आणि तेही.

तरी माझा हात कुठे गेला पाहा. सहावीच्या खुंटीवर. निदान एवढी तरी गुपचूप चढवून ठेवावी, ते यायच्या आत.

"फिरव की," दारातून आवाज आला. अण्णा भडंगाची वाटी घेऊन उभे होते. "थांबलास कशाला? तीन रविवार वाट बघतोय मी."

मला खुंटी सोडताही येईना आणि धरताही येईना.

"तुमाला कळलंतं?"

"पहिल्या दिवशीच." त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि अंगठा वर केला. "सहावी ह्येला ताठ लागायची. तू आनून दिलीस तवा ढिली. माझं कान गेल्यात, हात गेला न्हाय."

"चुकलं अण्णा. मला वाटलं तुमचीच चुकून चढलीया. खंडेनवमी हुती, गंजल्याली कशी ठेवायची म्हणून—"

"ते झालं चुकून. वाईट वाटलं मला, न्हाय वाटलं कशाला म्हणू? रातभर वाईट वाटलं. पण ते तू चांगल्यासाठनं केलतास." ते खाटेवर बसले. आवाज चढवला नाही, आणि कोल्हापुरी माणसाने आवाज चढवला नाही की जास्त लागतं. "खोटं बोललास ते चुकून न्हवं. मला ऐकू येत न्हाय म्हणून बोललास. येत असतं तर बोलला असतास व्हय?"

मी खुंटीवरून हात काढला.

"वर्सभर तू म्हंतोस घंटी आली, मी म्हंतो आली. तू म्हंतोस तीन, मी म्हंतो तीन. आता त्यातलं खरं कुठलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितल्यालं कुठलं? मी कुणाला इचारू?"

सगळं खरं होतं, शपथेवर खरं होतं. पण ते आता मी सांगून काही उपयोग नव्हता, हेच त्यांचं म्हणणं होतं. वर्षभरातले सगळे रविवार मी एका वाक्यात नासवले होते. मला स्वतःची लाज वाटली, तशी त्याआधी कधी वाटली नव्हती.

वहिनी जेवायला बोलवायला आल्या. अण्णांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "हाय अजून उजेड. धा मिंटं थांब," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लाव. ते मोबाइल न्हाय काढायचं."

मी खुंट्या फिरवायच्या, त्यांनी अंगठ्याने तार दाबून बघायची, असं सुरू झालं. सहावी चढवली. "अजून. अजून. बास." मी पाचवी तिच्याबरोबर छेडली. दोन तारा जवळ आल्या पण बसल्या नाहीत की आवाजात लाटा येतात, वँव वँव अशा. गंधार थोडा उतरवला तशा त्या लाटा लांब झाल्या आणि थांबल्या. हिरवा दिवा तिथे खचितच लागला नसता. अण्णांच्या अंगठ्याने त्याच वेळी "बास" म्हटलं. चौथी, तिसरी, दुसरी, प्रत्येक वेळी तसंच. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत चालला होता. शेवटी पहिली, सगळ्यांत बारीक, सगळ्यांत वरची. त्यांनी ती बराच वेळ दाबून पाहिली, दोनदा मला चढवायला लावली आणि म्हणाले, "बास. हितंच हुती."

मी सगळ्या तारा एकदम छेडल्या.

पाच तारा एकमेकींत अशा बसल्या होत्या की आजवर त्या खोलीत मी इतकं चांगलं काही ऐकलं नव्हतं. आणि त्यांच्यावर पहिली किंचित चढलेली. लाटा येत होत्या, बारीक, भरभर. मी परत छेडून पाहिलं. चढलेलीच होती.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "कसं वाटतंय?"

छान म्हणायला एक क्षण पुरला असता. त्यांना कळलं नसतं. कान गेल्यावर त्यांच्याकडे तो एक अंगठाच राहिला होता, आणि तोही चुकतो हे आज, या दिवशी, मी सांगायचं? तेही मी? ते तार दाबून बसले होते, आणि वरच्या त्या सुरातलं काहीसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"पाची बरोबर हायत," मी म्हणालो. "पहिली चढलीया अण्णा. तिथं नव्हती ती."

अण्णांनी अंगठा तारेवरून उचलला आणि हात गुडघ्यावर ठेवला.

"मग उतरव की," ते म्हणाले. "ऐकू तुला येतंय न्हवं?"

मी पहिलीची खुंटी मागे फिरवत गेलो, आणि लाटा थांबेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.